केतन कुणाचा?

माझ्या पाळणाघरात पाच मुलं आहेत आणि लाल बादल्या चार. चारही सारख्या, एकाच दुकानातल्या. पण केतनच्या हातात असेल तीच दिशाला हवी, आणि दिशाने सोडलेली केतनला नको. दोघंही अजून तीन वर्षांची व्हायची आहेत. सकाळी पायातल्या चपला निघायच्या आत त्यांचं सुरू होतं.

मी सगळे उपाय केले. गोड बोलून पाहिलं, डोळे वटारले. आळीपाळीने खेळा म्हटलं, तर आळीपाळीने चावली.

शेवटी मी वाटे घालायला लागले. माझ्या वडिलांची होडी होती. मासळी किनाऱ्यावर आली की तिचे सारखे वाटे करायचे, एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा न बघता नाव घेणार. ज्याचं नाव आलं त्याने वाटा उचलायचा आणि तोंड बंद ठेवायचं. कुरकूर करणाऱ्याला बंदरावर कोणी किंमत देत नसे.

मी खेळणी मांडली, केतनला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "हा कुणाचा?" "दिशाचा!" दिशाने बाहुली उचलली आणि गप्प बसली. मला तर तिला ताप आहे की काय असं वाटलं. मग आम्ही खेळण्यांचे, केळ्यांचे, खिडकीजवळच्या जागेचेसुद्धा वाटे घातले. माझ्या घरात शांतता झाली.

घरात म्हणजे आत. ओटीवर नाही.

केतनचे आईवडील, रसिका आणि प्रज्ञेश, वेगळे राहतात. ती मारुती मंदिराजवळ, तो नाचणे गावात. दोघंही कॉलेज शिकलेली, नोकरीवाली, बोलायला गोड. फक्त संध्याकाळी मुलाला नेताना आज पाळी कुणाची यावर माझ्या ओटीवर जुंपते. ज्या दिवशी जुंपते त्याच्या दुसऱ्या दिवशी केतन जेवत नाही. हे मी दोघांना वेगवेगळं सांगितलं होतं. दोघांनीही दुसऱ्याला सांगा म्हटलं. पोर वाळत चाललं होतं आणि माझा जीव तुटत होता.

परवा दोघंही एकदम आली.

"आज शुक्रवार आहे, तो माझ्याकडे येणार," प्रज्ञेश म्हणाला.

"मागच्या शुक्रवारी तूच त्याला नेलंस," रसिका म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"हळू बोला," मी म्हटलं. "आत पोरं आहेत."

कोणी ऐकलं नाही. आवाज चढले. तेवढ्यात केतन बाहेर आला. दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून त्याने डोळ्यांवर हात ठेवले.

"विचार, काकू," तो म्हणाला.

 मग माझी वाट न बघता त्याने स्वतःच विचारलं.

"केतन कुणाचा?"

 रसिका नकळत एक पाऊल पुढे आली, प्रज्ञेशही. आपलंच नाव येणार अशी दोघांची खात्री दिसली.

"दिशाचा," केतन म्हणाला.

दिशा दारातच होती. आपला वाटा ती कधी सोडत नाही. आली, त्याला दंडाला धरून आत घेऊन गेली. तो मुकाट गेला.

"अहो काकू, असं काय करता? बोलवा त्याला," प्रज्ञेश म्हणाला.

मला भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं. "मला काय सांगतोस?" मी म्हटलं. "जिचा आहे तिला विचार."

रसिका आत गेली. दिशासमोर गुडघ्यांवर बसली. 

"दिशा, केतनला घरी नेऊ का गं?"

दिशाने तिच्याकडे पाहिलं, दारातल्या प्रज्ञेशकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "तुमी भांडता."