न विस्कटलेले चौकोन

ते साल एक्काहत्तरचं. शहरातली जुनी गटारं उकरायचं काम निघालं आणि जमिनीखालचे सगळे उंदीर घरोघरी राहायला आले. कारखान्यामागच्या बैठ्या घरांच्या ओळीत साबण पळवले, चपला कुरतडल्या, इथवर लोक हसण्यावारी नेत. खिळेमास्तरांच्या घरातलं हसू मात्र आटत चाललं होतं.

मास्तर छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे, म्हणून ते नाव. मधुमेहानं त्यांच्या पावलांतली जाणीव गेली होती. झोपेत उंदीर बोटं कुरतडून जाई आणि त्यांना पत्ताही लागत नसे. सकाळी चादरीवर रक्त दिसलं की मधली जखम धुऊन बांधे. मधली म्हणजे त्यांची बायको. माहेरी बहिणींमधली मधली, तेच नाव सासरीही चिकटलं.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? जाड फडकी गुंडाळली, तीही कुरतडली गेली. पत्र्याच्या डब्यात पावलं ठेवली, तर घामानं जखम चिघळली. पिंजऱ्यात एक सापडे, तोवर दुसरा हजर. पायथ्याशी जागत बसे, पण कधीतरी डोळा लागेच.

"झोप गं तू," मास्तर म्हणत. "माझे पाय मला नाही कळत, निदान कुणाला तरी त्यांची चव कळते."

"असलं बोलाल तर मी जेवायचीच नाही."

"नको बाई. मग घरात जेवणारे उंदीरच तेवढे उरतील."

डॉक्टर थट्टेतले नव्हते. "कुरतडणं थांबलं नाही तर पाऊल जाईल," ते म्हणाले. "तुमच्या एका घरानं काही व्हायचं नाही, बिळं सगळ्या ओळीखालून आहेत. पालिकेकडून औषध घालून घ्या."

पालिकेची रीत अशी, की आधी पाहणी. ओळीतलं एक घर निवडायचं. तिथे उंदराची खूण सापडली तर सगळ्या ओळीत औषध, नाही सापडली तर ओळ सोडून पुढे. मधलीनं कचेरीचे उंबरे झिजवले, हातापाया पडली आणि आपलंच घर निवडायला लावलं.

तपासनीस आला तो वाकूनच चालणारा, हलक्या आवाजात बोलणारा माणूस. भिंतीच्या कडेनं त्यानं बॅटरीचा तिरपा उजेड फिरवला. "उंदराला मोकळ्यावर भीती वाटते, तो भिंतीला अंग घासत जातो," असं म्हणत त्यानं मोरीपाशी, फळीखाली, पलंगाखाली चाळणीनं पांढऱ्या पावडरीचे चौकोन काढले. "सकाळी यात पावलं उमटलेली दिसतील. ओल असेल तिथे आम्ही काजळी धरलेला पत्रा ठेवतो. तुमची जमीन कोरडी आहे, पावडर पुरे."

जाताना वडीलधारं माणूस म्हणून त्यानं बाहेर ओट्यावर बसलेल्या मधलीच्या सासूबाईंना बजावलं, "आजी, एवढं सांभाळा हं. चौकोन विस्कटता कामा नयेत."

"माझ्यावर सोडा," सासूबाई म्हणाल्या. मुलासाठी आपल्यालाही काही करता येतंय, याचंच त्यांना बरं वाटलं.

सकाळी चौकोन कोऱ्या कागदासारखे होते. तपासनीस गोंधळला. आणखी एक दिवस बघू म्हणाला. दुसऱ्या सकाळीही तेच.

"अहो, त्यांच्या पायाकडे बघा की!" मधली ओरडली.

"ताई, पाय डॉक्टरांनी बघायचा. मला जमिनीवर दिसेल तेच लिहिता येतं." त्यानं मान खाली घातली. कचेरीत 'खूण नाही' असं गेलं आणि ओळ सुटली. पहिल्या दिवशी कोपऱ्यात ठेवलेला त्याचा पावडरीचा डबा नि चाळणी जाण्याच्या घाईत तिथेच राहिली.

पुढच्या पहाटे मधलीला बारीक खसखस ऐकू आली. सासूबाई फळीपाशी उकिडव्या बसून चाळणी हलवत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"हळू, तो उठेल. रोज विस्कटतं गं हे. तू अंधारात त्याच्यासाठी उठतेस, तुझे पाय पडतात. तुला काय बोलायचं? म्हणून मीच पुसून पुन्हा चाळते. त्या माणसानं एवढं बजावलंय."

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मधलीनं पलंगाखाली दिवा धरला. तिथला चौकोन अजून चाळायचा राहिला होता. इवल्या बोटांची नक्षी, मधून शेपटीची रेघ, सरळ पलंगाच्या पायापर्यंत गेलेली.

"आई, हेच हवं होतं हो त्यांना. विस्कटलेलंच हवं होतं."

"मग विस्कटू नका असं का सांगितलं त्यानं?"

मधलीनं दिवा जमिनीवर ठेवला. चाळणी सासूबाईंच्या मांडीवर पडून राहिली.

तपासनीस पुन्हा यायचा नव्हता आणि पावडर काही उचलून नेता येईना. संध्याकाळी मधलीनं डब्याचं पत्र्याचं झाकण रॉकेलच्या चिमणीवर धरून काळं केलं आणि पलंगाखाली सारलं. सकाळी त्यावर पावलंच पावलं. मास्तरांना तोवर ताप भरला होता. काजळी पुसली जाऊ नये म्हणून वर परात पालथी घालून ती पालिकेच्या कचेरीकडे धावत सुटली.

"बाई, ते टेबलावर नको," कारकून किंचाळला.

तपासनीस आतून आला. परात उचलून त्यानं झाकण उजेडात तिरपं धरलं. मधलीनं सगळं सांगितलं.

"मीच खुळा," तो म्हणाला. "चौकोनांत उंदीर नाही ते नाही, साधा झुरळाचाही माग नव्हता. इतकं स्वच्छ घर असतं का कुठे? तेव्हाच विचारायला हवं होतं."

त्याच दिवशी ओळीत औषध पडलं. उंदीर गेले. पण जखमेचं विष मास्तरांच्या घोट्यापर्यंत चढलं होतं. त्याच आठवड्यात पाऊल कापलं.

मास्तर लाकडी पाऊल लावून पुन्हा छापखान्यात गेले. "खिळे जुळवायला हात लागतात," म्हणत आणि बरीच वर्षं जगले. तपासनीस निवृत्त होईपर्यंत घरोघरी सांगत राहिला, "विस्कटलं तर विस्कटू द्या, हात लावू नका." सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी मुलाच्या पायाकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. मरेपर्यंत त्यांनी चाळणी हातात धरली नाही.

आणि मधली? पुढे पक्क्या घरात गेल्यावरही, मास्तर गेल्यावरही, ती झोपण्याआधी पलंगाखाली चिमूटभर पीठ भुरभुरायची. सकाळी वाकून बघायची. पीठ जसंच्या तसं दिसलं की तिच्या काळजात धस्स व्हायचं.