आधी आंघोळ, मग आई

माझ्या मुलीचा पहिला शब्द 'आत्या' होता. नवऱ्याने कौतुकाने सगळ्यांना फोन करून सांगितलं. मी हसले, आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. मी बेकरीत जाते तेव्हा पिटुकली दिवसभर त्यांच्याकडे. झोपताना तिला एक कान चोळून लागतो. सुट्टीच्या दिवशी मी डावा चोळला, तर रडून आकांत. हवा होता उजवा. हे मला ताईंनी सांगावं?

बेकरीत माझं काम चवीचं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्किट कोपऱ्यातून चावायचं, ठीक असेल तर ट्रे पुढे सोडायचा. बदामाचे ट्रे तर माझ्याशिवाय कुणाकडे जायचे नाहीत. संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायच्या आत मी पोरीचे पटापट मुके घ्यायचे. ती गाल चोळत ताईंच्या खांद्यात तोंड खुपसायची. गालावर लाल गांध्या उठायच्या.

ताई एकदा म्हणाल्या, "तू आलीस की हिच्या अंगावर गांध्या उठतात बघ."

मला झोंबलं. आता काय, आईची सावलीही बाधते लेकराला? मी म्हटलं, दिवसभर तुमच्याकडे असते, तुम्हीच बघा काय बाधतं ते. त्यानंतर त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

मग एक दिवस मी तुटक्या बिस्किटांची पुडी घरी आणली. तिला माझ्याकडे ओढायचं होतं, दुसरं काही नाही. ताई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या तेवढ्यात नखाएवढा तुकडा भरवला. ती माझ्याकडे बघून हसली, अजून हवा म्हणून हात पुढे केला. मी आणखी दिला.

आधी ओठ सुजले. मग उलटी झाली, आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी हाक मारली ती ताईंनाच. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात जाताना पोर त्यांच्या ओल्या हातांत होती.

मांडीत इंजेक्शन दिल्यावर श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? ताई म्हणाल्या, माझ्याकडे तर रोजचंच. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणीही मनात आलं की खरं सांगितलं तर पोर कायमची ह्यांची झाली.

"बदामाचं बिस्किट," मी म्हटलं. "मीच दिलं."

तेव्हा ताईंनी पर्समधून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढलं. गांध्या उठल्या त्या दिवसांवर ठिपके. माझ्या सुट्टीच्या एकाही दिवशी ठिपका नाही. डॉक्टरीणबाईंनी माझं काम विचारलं आणि समजावून सांगितलं: तिला बदामाची ॲलर्जी दिसते, तपासणी करूच, पण तो बदाम रोज तुमच्या मुक्यातून तिच्यापर्यंत जात असणार.

बाहेर बाकावर मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत?

"एकदा बोलले, तर तुझं तोंड बघवेना. म्हटलं खात्री होऊ दे." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आणि पोर माझ्याकडे वळत होती ना. बरं वाटायचं गं."

मला राग आला. पण तो नेमका कुणाच्या पदरात टाकावा, कळेना.

आता पुन्हा तसं झालं तर टोचायचा इंजेक्शनचा पेन दारामागच्या पिशवीत असतो. बदामाचे ट्रे मी सोडले, तरी बेकरीत बदामाचं पीठ उडतंच. म्हणून घरी आल्यावर सरळ न्हाणीघर: कपडे बदलायचे, चूळ भरायची, दात घासायचे, आंघोळ. बाहेर पोर ताईंपाशी खिदळते, ते दाराआडून ऐकायचं. जीव जळतो.

काल कडी काढली तर पिटुकली दाराशी माझा टॉवेल कवटाळून उभी.

"किती बोलावलं, येतच नाही," ताई मागून म्हणाल्या. "तू आत गेलीस की इथेच ठाण मांडते."

आवाज कोरडा होता. मी तो ओळखला. इतके महिने तो माझा होता.

मी पोरीला उचललं. डोळे मिटत आले होते तिचे.

"ताई, उजवा ना?"

"उजवा," त्या जवळ येत म्हणाल्या. "पण आधी डावा पुढे करते. लबाड आहे."