का-सेत-ती-ना

का-सा

"ही भिंत तेवढी राहू द्या," गोपीनाथ म्हणाला.

चुन्याची बादली घेऊन आलेले दोघे एकमेकांकडे बघू लागले.

"काहीतरीच काय? तीच आधी पुसायला पाहिजे," सिंधू म्हणाली. "अहो, एक लेकरू गेलं. आता हिलाही भिंतीत घालता का?"

हिला म्हणजे वंदनाला. वय वर्षं सात. एप्रिलमध्ये नागपुरात तिचा धाकटा भाऊ बाळू विषमज्वरानं गेला, तेव्हापासून ती बोलली नव्हती. नोव्हेंबरात मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्यामागून सरकारी छापखाना आला, छापखान्यामागून कंपोझिटर गोपीनाथ आला आणि बैरागढच्या जुन्या बराकीत त्याला एक खोली मिळाली. दुसऱ्या महायुद्धात इथं इटलीचे कैदी होते म्हणे. आठव्या दिवशी या भिंतीवरचा चुन्याचा पोपडा गळून पडला. खाली इंग्रजी वळणाची अक्षरं. गोपीनाथ चष्मा पुसत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"का. सा."

भिंतीवर बोटाचं पेर आपटत वंदना वाचत होती. तिला इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं.

तेव्हापासून ती बोलायची. पण भिंतीशीच.

का-सेत-ता

"कासा मतलब घर, बाबूजी," चौकीदार रहमत खां आदल्याच संध्याकाळी म्हणाला होता. तो लढाईच्या वेळेपासून इथंच होता. "एक मास्टर था उनमें. आपके ई कमरे में. दीवार के पार एक जवान था, अनपढ़. मास्टर इधर से ठोंक के पढ़ाता, एक अक्षर पे एक बार, वो उधर से ठोंकता. कासा, घर. कासेत्ता, छोटा घर. कासेत्तीना, और छोटा." त्यानं तळवे जवळजवळ आणले. "बोलता था, घर को इत्ता छोटा कर दूँगा ख़ां, कि जेब में डाल के ले जाऊँ."

भिंतीवर ओळीओळीनं शब्द वाढत गेला होता, घर लहान होत गेलं होतं. वीस वर्षं गोपीनाथनं ओळीच्या शेवटी शब्द तोडले होते, पण जोडाक्षर कधी फोडलं नव्हतं. भिंतीवरच्या माणसानं नेमकं तेच केलं होतं. जोडीतला एक 'त' रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

"फिर? ले गया जेब में?"

"जवान तो बुखार में गया. मास्टर फिर भी ठोंकता रहा, कई रोज."

"और जवाब?"

रहमत खांनं विडी विझवली. "आप तो चूना फिरवा लो, बाबूजी."

का-सेत-ती-ना

चुनेवाले जेवायला गेले. बादली खोलीच्या मधोमध. सिंधूनं वंदनाची खाट ओढून समोरच्या भिंतीला नेली होती; वंदना खाटेवरच बसली होती.

"ते आले की मी करा म्हणणार आहे. सांगून ठेवते."

"ती बोलायची थांबेल, सिंधू."

"माझ्याशी कुठं बोलते?"

पलीकडच्या खोलीला कुलूप होतं. आत नागपूरहून आलेल्या फायलींचे गठ्ठे, छतापर्यंत. किल्ली त्याच्याकडेच होती. तो भिंतीपाशी उकिडवा बसला आणि छापखान्यात खिळे लावताना बोट चालतं तसं त्यानं हलकेच ठोकलं. एकदा. पुन्हा एकदा.

बा. ळू.

सात महिन्यांत हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. तोंडानं त्याला आताही जमलं नसतं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग पलीकडून, कमरेएवढ्या उंचीवरून, तीन ठोके आले. सावकाश, मोजून.

वं. द. ना.

सिंधूच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गोपीनाथचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला.

"ओ," वंदना म्हणाली.

मग वळली. "आई, वाढ ना. भूक लागली."

सिंधूनं वाढलं. वंदना जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. नंतर उठून तिनं बादली दाराबाहेर ठेवली, खाटेचा पाय धरला आणि ती फरफटत पुन्हा त्या भिंतीला लावली.