गोळीची हजेरी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सरजाबाई, उभ्या आयुष्यात कधी कामावर उशिरा गेल्या नाहीत. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून हे मी प्रत्येकीच्या तोंडून ऐकलं आहे. अशा बाईच्या रोज एक गोळी ध्यानात राहत नाही, यावर आधी माझा विश्वासच बसला नाही.

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं. मग सोलापूरला महिनाभर किरणांची लाईट दिली. सगळं पार पडल्यावर नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आमचं काम झालं. आता राहिलं ते तुमच्या घरात. रोज एक गोळी, काही वर्षं तरी. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. सोडली तर दुखणं उलटू शकतं."

बी. ए. ला मी बऱ्याच गोष्टी पाठ केल्या होत्या, पण 'उलटू शकतं' हे दोन शब्द जसे डोक्यात बसले तसं दुसरं काही बसलं नाही. माझी उत्पला तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. दिवसभर माझा एक डोळा ती चुलीकडे जाते का यावर, आणि दुसरा आत्याबाईंच्या गोळीवर.

चहाबरोबर देऊन पाहिली. पण त्या दुष्काळात चहाचाच नेम नव्हता, कारण टँकरचा नेम नव्हता. टँकर आला अशी हाळी उठली की हातातलं टाकून सगळ्या घागरी घेऊन पळायच्या, आत्याबाई सगळ्यांच्या पुढे. भाकरीच्या फडक्यात बांधून दिली, तर तिथे मुंग्या. मी विचारायची, "गोळी घेतली का, आत्याबाई?"

"घेतली की."

आणि संध्याकाळी पदराची गाठ सोडून सुपारी काढताना गोळी खाली पडायची.

"अगं माय, ही कवाची?" त्यांनाच नवल वाटायचं. खोटं बोलणारी बाई नव्हे. कुणी जेवलीस का विचारलं तर पोटात काही नसतानाही आपण 'जेवले की' म्हणतो, तसं त्यांचं ते 'घेतली की' होतं.

एकदा मी चिडलेच. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पंचशीला, दुखत असतं तर आठवलं असतं. दुखतच न्हाई, तर माणसाच्या ध्यानात कसं ऱ्हावं?"



गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा रोजगार हमीचं काम निघालं होतं, पाझर तलावाचं. आत्याबाईंच्या डाव्या हाताला जड उचलायची बंदी होती, म्हणून मुकादमाने त्यांना खोपीत बायांची लेकरं सांभाळायला बसवलं. उत्पलाही त्यांच्याबरोबर जायची. एके दिवशी तिचं टोपडं घरी राहिलं म्हणून मी मागोमाग गेले, तेव्हा हजेरी चालू होती.

मुकादम रेवणप्पा दगडावर बसलेले, मांडीवर मस्टर. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण मस्टरवर छापलेलं अजून उस्मानाबादच, त्यावर आडवी रेघ मारून लातूरचा शिक्का. ते नाव घ्यायचे, बाई 'हाय' म्हणायची, पेन हलायचा.

"केवळाबाई शेषेराव गायकवाड."

"हाय."

"सरजाबाई ग्यानोबा सूर्यवंशी."

"हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच दमात हात तोंडाकडे गेला. शेजारच्या केवळाबाईंनी न सांगता तांब्या पुढे केला.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय खाल्लं?"

"गोळी. नाव पुकारलं की घ्यायची." माझ्या तोंडाकडे बघून त्या हसल्या. "म्या जल्मात कवा हजेरी चुकवली का? मग आता गोळी बी चुकायची न्हाई. तू फिकीर करू नको."

"आमचीच फिकीर हाय," केवळाबाई म्हणाल्या. "हिची गोळी पोटात पडली का बघायला समदी लाईन माना वाकड्या करती. मुकादम पुढलं नाव घेईना तोवर."

मला इतकं भरून आलं की टोपडं तसंच हातात घेऊन मी घरी परतले. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत होती, राहणं एका मित्राच्या खोलीत. त्यांना मी त्याच दिवशी पत्र टाकलं. यांनी ते कचेरीत वाचून दाखवलं म्हणे. 'माझ्या आईने दवा मस्टरवर चढवली,' असं सांगत टेबलाटेबलावर फिरले.

मी मात्र एक गोष्ट बघितली नव्हती. ती बाहेर आली नांदेडला, तपासणीच्या वेळी. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही उरलेली पाकिटं बरोबर नेली होती. त्या ती उलटीपालटी करून बघत राहिल्या.

"या इतक्या कशा उरल्या?"

"उरायच्या न्हाईत," आत्याबाई ठामपणे म्हणाल्या. "रोज हजेरीला घेते म्या."

मग माझ्या लक्षात आलं. मी हळूच विचारलं, "आत्याबाई, बाजारच्या दिवशी?"

"बाजाराला खाडा असतो की. समद्यांनाच असतो."

"म्हणजे त्या दिवशी गोळी नाही?"

"काम न्हाई, हजेरी न्हाई, गोळी न्हाई. सहा दिस राबल्यावर दवेला बी एक दिस नको का?"

शिवाय मधे इंजिनिअरच्या मोजमापासाठी काम बंद होतं, तेव्हाही खाडा. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सरजाबाई, दुखणं बाजाराला जातं का?"

"ते कशाला जातंय? त्याला काय मीठ-मिरची आणायचीय?" आत्याबाई पटकन बोलून गेल्या आणि थांबल्या. "म्हंजे ते रोज घरीच बसतंय," त्या म्हणाल्या.

"रोज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आलो तर हे आलेले. लातूरला खोली मिळाली होती. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचं ठरवूनच आले होते.

"आई, तू पण चल," हे म्हणाले.

"तिथं मला कोन वळखतं? दिसभर चार भिंतीकडं बघत बसू? हितं माझी हजेरी हाय."

मी नांदेडची हकिकत सांगितली आणि माझंही सांगून टाकलं. आत्याबाई येणार नसतील तर मी त्यांना एकटं सोडून येणार नाही.

"मग मी असाच दुसऱ्याच्या खोलीत राहू? पोरीचं तोंड महिन्यातून एकदा बघू?" यांचा आवाज चढला.

आत्याबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हंजे माझ्या एका गोळीपायी बाप तिकडं अन् लेक हिकडं. अन् तू, पंचशीला, मला उत्पलावानी राखूलालीस का?"

"आत्याबाई, गोळी चुकली तर दुखणं उलटतं."

"ऐकलंय म्या. डाक्टरनं छाती कापली, कान न्हाई कापले."

त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाजार येऊ दे. बघ, अन् मग काय ते ठरव."

बाजारच्या दिवशी मी उत्पलाला कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर देवणीला गेले. चारा नव्हता, म्हणून जनावरांची गर्दी माणसांपेक्षा जास्त होती. एरवी ज्या बैलांना दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात, त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. आत्याबाई मिठाकडे गेल्या नाहीत, मिरचीकडे गेल्या नाहीत. तडक चहाच्या हॉटेलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत बाकावर रेवणप्पा बसले होते, बरोबर दोघं-तिघं शेतकरी.

"मुकादम, हजेरी घ्या."

रेवणप्पांनी कप खाली आणला. "काय सरजे, आज बाजार. आज कुठली हजेरी?"

"मस्टरवरली न्हाई. माझी."

बाकावरचा एक जण म्हणाला, "आता बाजारात बी मजुरी मागूलाली का बाई?"

"मजुरी न्हाई मागत, मालक. नाव मागते." आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून गोळी तळहातावर घेतली. रेवणप्पांनी ती बघितली. कामावर रोज बघतच होते.

"बरं बाबा," ते म्हणाले. "सरजे..."

"सरजे न्हाई. मस्टरला पुकारता तसं, पुरं."

आमच्या बायांना गावात सरजे, केवळे, अशीच हाक पडते. पुरं नाव, त्यापुढे नवऱ्याचं, मग आडनाव, हे फक्त मस्टरवर. आणि मस्टर होतं कामावर, इथे तर भर बाजार. लोक वळून बघायला लागले होते. रेवणप्पांनी बाकावरच्यांकडे एकदा बघितलं, आत्याबाईंकडे एकदा. त्या जागच्या हलल्या नाहीत, हात तसाच पुढे. मग त्यांनी कप ठेवला, मिशा पुसल्या, आणि कामावर ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले,

"सरजाबाई ग्यानोबा सूर्यवंशी."

"हाय."

गोळी तोंडात. पाणी त्यांनी घरून छोट्या बाटलीत आणलं होतं. त्या हॉटेलात आम्ही पाणी मागत नसू.

"लागली हजेरी, सरजाबाई," रेवणप्पा म्हणाले आणि उरलेला चहा प्यायला लागले.

बाजारभर मी आत्याबाईंच्या मागे चालत होते. का कोण जाणे, रोजच्यापेक्षा ताठ चालत होते. ही माझी सासू, असं वाटेत भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं. पुढच्या महिन्यात मी लातूरला जायला तयार झाले.

तरी निघताना धास्ती होतीच. "अन् काम बंद पडलं तर?" मी विचारलं.

"तवाचं तवा," आत्याबाई म्हणाल्या. "आताच रडून ठेवू का?"

लातूरलाही पाण्याची बोंबच होती. मी रांगेत घागर घेऊन उभी असले तरी सकाळी एका ठरावीक वेळेला मनात रेवणप्पांचा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ आत्याबाईंचं 'हाय'. तेवढं झालं की पुढच्या कामाला हात लागायचे.

एके संध्याकाळी हे कचेरीतून आले आणि जेवता जेवता सहज म्हणाले, "आपल्या गावचा तलाव पुरा झाला. मस्टर बंद केलं. रेवणप्पांना निलंग्याकडच्या कामावर पाठवलंय."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने उत्पलाला घेऊन मी गावी गेले. पोचले तेव्हा दिवे लागत होते. आत्याबाई दारातच होत्या.

"तपासाया आलीस?"

"नाही, उत्पलाला तुमची आठवण येत होती."

"लबाड," त्या म्हणाल्या आणि उत्पलाला उचलून आत गेल्या. उजव्या हाताने, ते मी बघितलं.

गोळीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. सकाळी जाग आली तरी मी चादर तोंडावर घेऊन पडून राहिले आणि फटीतून बघत होते. अंगण झाडून झालं. शिळ्या भाकरीचा तुकडा खाऊन झाला. सूर्य समोरच्या पत्र्यावर आला. काम नाही, तरी त्यांनी लुगडं नीट केलं, कामावर निघताना करायच्या तसं, आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्यांचं नाव घ्यायला कोणी नव्हतं. उठावं आणि आपणच हाक मारावी, असं अगदी ओठावर आलं.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"सरजाबाई ग्यानोबा सूर्यवंशी."

कुजबुज नव्हे. चार घरांपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. मग पेन हलायला जेवढा वेळ लागतो तेवढं त्या थांबल्या.

"हाय."

आणि हात तोंडाकडे गेला.

भिंतीपलीकडून केवळाबाईंचा आवाज आला. "लागली का गं?"

"लागली."

"मग सरपणाला येतीस का? का आज खाडा?"

"खाडा असतो व्हय कवा?" आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्या दिशेने न बघताच, "अन् तू, चादर काढ तोंडावरली. गुदमरशील."

मी बाहेर आले. म्हणाले, "मुकादमांपेक्षा तुमचाच आवाज मोठा आहे."

"त्याला बोलायचा पगार होता. म्या फुकट बोलते, मग हळू कशाला बोलू?"

"लाज नाही वाटली, पहिल्या दिवशी?"

त्यांनी विचार केला. "वाटली की. पहिल्या दिशी गळ्यातून आवाजच निघंना. दुसऱ्याचं नाव घ्यायचं सोपं असतं, पंचशीला. आपलं आपण घ्यायचं लई जड जातं. मग म्हनलं, ह्या नावाला इतके दिस मस्टरवर जागा होती. आता मस्टर न्हाई म्हनून नाव बी न्हाई का?"

दुपारी त्या आम्हाला फाट्यावर सोडायला आल्या. गाडी आली. खिडकीशी बसल्यावर सवयीने माझं तोंड उघडलं. उद्या विसरू नका, रोज घ्या, असलं सगळं जिभेवर तयार होतं. आत्याबाई खाली उभ्या राहून माझ्याकडे रोखून बघत होत्या, मी काय म्हणते याची वाट बघत.

मी उत्पलाचे हात जोडले. "आजीला जयभीम कर," म्हणाले.

"जयभीम, माय," आत्याबाई म्हणाल्या, आणि गाडी हलायच्या आतच वळून चालायला लागल्या. केवळाबाई सरपणासाठी थांबल्या होत्या.