सरावाचा माणूस

“साहेब, याचा डावा हात परत खाली आला,” दातांवरचं रबर काढत तुळशीदास म्हणाला, आणि घंटा होऊन गेली असतानाही माणिकने त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली.

“माझ्या डाव्याची काळजी तू करू नकोस. स्वतःचे पाय बघ, झिंगल्यासारखे टाकतोस ते.”

सबनीस हसले. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या शेडमध्ये सबनीस हसले की सगळ्यांना हसावं लागे. शेड त्यांची, रिंग त्यांची आणि माणिकसुद्धा त्यांचाच. तुळशीदासही हसला. बेचाळिशी आली, पण मार खाऊन वर हसायची त्याची खोड काही गेली नव्हती.

आता हा माणिक कोण, तर बॉक्सिंगचा चॅम्पियन. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत भिंतीभिंतीवर त्याची पोस्टरं: ‘अकरा लढती, अकरा विजय!’ त्या अकरा लढतींना सहा वर्षं लागली होती, हे मात्र पोस्टरवर कुठे लिहिलेलं नसायचं. मग बाकीचे दिवस चॅम्पियन काय करायचा? तुळशीदासला बडवायचा. रोज सहा राऊंड, रविवारी सुट्टी. बघायला कोणी नाही, टाळी नाही, शिट्टी नाही. जगाशी माणिक अकरा वेळा लढला होता, तुळशीदासशी तो रोज लढत होता. पण त्याला लढत म्हणत नसत, सराव म्हणत.

तुळशीदास वैती चारकोप गावचा कोळी. खाडीत बापाची होडी होती, ती तो अजून वल्हवायचा. विशीत असताना बंदरावर दर शनिवारी रिंग लागायची आणि दर शनिवारी हा पठ्ठ्या तिच्यात उतरायचा. या शनिवारी हरला तर पुढच्या शनिवारी जिंकायचा. हरणं म्हणजे तेव्हा सर्दी-पडसं. आलं तसं गेलं. दोनदा नाक मोडलं, तरी मंगळवारी गडी जाळं ओढायला हजर.

एकदा त्याने सबनिसांना विचारलं होतं, “साहेब, आमी दर शनवारी लढायचो. हा वर्साला दोनदा पन नाय उतरत, असा का?”

सबनीस खुर्चीत मागे रेलले. “अरे बाबा, तुला कोण ओळखत होतं? तू हरलास काय, जिंकलास काय, बोंबलाचा भाव तोच. याचं नाव झालंय. एकदा आडवा झाला की मागच्या अकरा जिंकलेल्या कोण लक्षात ठेवतो? अमेरिकेतसुद्धा पूर्वी महिन्या-दीड महिन्याला उतरायचे, आता मोठी माणसं वर्षातून दोनदाच. माझ्याकडे कॅसेटी आहेत ना! रोज दिसलं की लोकांना चेहऱ्याचा कंटाळा येतो. आणि शेवटी डोकं आहे रे. डोक्यावर किती मार खायचा माणसाने?”

हे त्यांनी तुळशीदासच्या सुजलेल्या भुवईकडे बघत म्हटलं, आणि आपण काही भलतं बोललो असं त्यांना जराही वाटलं नाही. धन्य तो माणूस!

जाता जाता मात्र पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुलाही एक लढत देईन हां. पोस्टरवर नाव टाकून.” हे ते सहा वर्षं म्हणत होते. आणि तुळशीदास सहा वर्षं त्यावर जगत होता. बोरिवलीच्या मासळीबाजारात त्याची बायको मंजुळा टोपली घेऊन बसायची, तिच्या मागच्याच भिंतीवर माणिकची पोस्टरं लागायची. तिथे एकदा आपलं नाव यावं आणि मंजुळाने मान वळवून ते बघावं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही बिचाऱ्याने.

त्या दिवशी कानशील चोळत तो माणिकला गंमत म्हणून सांगू लागला, “परवा काय झाला म्हाईत हाय? माजी होडी चिखलात बसली! भरती कवा, सुकती कवा, डोक्यातूनच गेला. कोली मानूस मी, आनि तीन तास चिखलात बसलो. सगला गाव हसला.”

माणिकही पोट धरून हसला.

सोमवारी बातमी आली की माणिकशी लढायला बाहेरगावाहून येणाऱ्या गड्याचं मनगट मोडलंय. लढत पुढच्या रविवारी, अंधेरीचा हॉल ठरलेला, तिकिटं खपलेली. सबनिसांनी डोक्याला हात लावला, मग तो हात काढून तुळशीदासकडे केला. “चल. लागली तुझी वर्णी.”

तुळशीदास हसतच सुटला. माणिक मात्र हसला नाही, पण तिकडे कोणी बघितलं नाही. थकल्यावर आपला डावा खाली येतो आणि तोंड उघडं पडतं हे ओळखणारा सबंध मुंबईत एकच माणूस होता, आणि तोच आता हजार लोकांसमोर पुढ्यात उभा राहणार होता.

“गुरुवारी डॉक्टरीणबाई येतील,” सबनीस म्हणाले. “सर्टिफिकेट लागतं. बोटं मोजायला सांगतात, वार उलटे म्हणायला सांगतात. दहा मिनिटांचं काम.”

दहा मिनिटांच्या त्या कामासाठी तीन दिवस अंगणात शाळा भरली. मंजुळा वाळलेले बोंबील निवडत बसायची आणि हा तिच्यासमोर मांडी घालून.

“बोला उलटे वार.”

“शनवार, शुक्रवार, बुदवार…”

“गुरुवार खाल्लाव.”

“हां, गुरुवार. शनवार, शुक्रवार, गुरुवार…” आणि तो थांबला.

मंजुळाने हातातला बोंबील टाकला. “मना नको ती लढत! रातचे उठून बसताव, माझा नाव इसारताव. परवा मना आयचे नावान हाक मारलाव. मना काय कलत नाय? कोनाला दाखवायचाय ता पोस्टर?”

“तुला,” तो म्हणाला.

मंजुळाने पदराने डोळे पुसले, बोंबील उचलला आणि म्हणाली, “परत बोला. शनवार…” बुधवारी दिवेलागणीला तो सातही वार न अडखळता उलटे म्हणाला, तेव्हा शेजारच्या बाया टाळ्या वाजवायला आल्या.

गुरुवारी संकष्टी होती. सबनीस साबुदाण्याची खिचडी खात बसले होते. डॉक्टर उत्तराबाई अडीचला आल्या. तरुण, नीटनेटक्या, घाईत. शेडची मागची खिडकी खाडीवर उघडत होती. तिच्याकडे पाठ करून त्यांनी तुळशीदासला स्टुलावर बसवलं.

डोळे मिटून नाकाला बोट लावलं. लागलं. एका पायावर उभं राहायला सांगितलं. राहिला. वार उलटे म्हणायला सांगितले. शनिवारपासून रविवारपर्यंत धाडधाड म्हणून टाकले, आणि शाळेतल्या पोरासारखा सगळ्यांकडे बघून हसला.

“छान,” उत्तराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“डॉक्टर,” दोरांना टेकून उभा असलेला माणिक म्हणाला, “ते घोकून आलेत. यांना भरती विचारा ना. कोळ्याचं पोर झोपेत सांगतं.”

“माणिक, गप,” सबनीस म्हणाले.

पण उत्तराबाईंनी पेन थांबवलं. “बरोबर आहे. तिथीवरून सांगता ना तुम्ही? आज चतुर्थी. भरती किती वाजता?”

चवथ. चाराची पाऊणपट, तीन वाजता. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे पाच वर्षांचा असताना बापाने होडीत बसवून शिकवलेलं. तुळशीदासने तोंड उघडलं. चवथ… चवथ म्हणजे… त्याने माणिककडे बघितलं. माणिक जमिनीकडे बघत होता. तुळशीदासच्या पाठीमागे खाडी काठोकाठ चढत होती, नुसती मान वळवली असती तरी उत्तर मिळालं असतं. पण मान वळवावी हेही त्याला सुचलं नाही.

“शनवार,” तो म्हणाला. “शुक्रवार, गुरुवार…”

उत्तराबाईंनी पेनाला टोपण लावलं. “मी सही करणार नाही. यांच्या डोक्यावर यापुढे एकही मार बसता कामा नये. लढत नाही, सराव नाही, काही नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा यांना.”

“हो हो, अगदी,” म्हणत सबनिसांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. परत येऊन त्यांनी खिचडीची ताटली बाजूला सारली. अंधेरीच्या पोस्टरांवर ‘लढत पुढे ढकलली’ अशी पट्टी चिकटवायला माणूस धाडला. माणिकचे अकराच्या अकरा विजय शाबूत राहिले.

रविवारी मात्र सबनीस स्वतः कोळीवाड्यात आले. मंजुळा बाजारात होती, हे विचारूनच आले. “अरे, डॉक्टर काय, दुसरा मिळेल. पुढच्या वर्षी तुलाच उतरवतो, पोस्टरवर नाव टाकून. तोवर सराव सोडू नकोस, अंग जड होईल.”

“पन त्या बाई बोलल्या…”

“त्या लढतीबद्दल रे. सरावाला कुठे सर्टिफिकेट लागतं?”

सोमवारी तुळशीदास रिंगमध्ये उभा होता. घरून निघताना मंजुळाने वाट अडवली होती, ती रडली होती, तिने शिव्या दिल्या होत्या. तो ‘होडीवर जातो’ म्हणून निघाला आणि इथे आला. तोंडात रबर घातलं. घंटा झाली. तिसऱ्या राऊंडला माणिकचा डावा खाली आला, तुळशीदासला तो दिसलाही, पण त्याचा स्वतःचा हात वेळेवर उठला नाही. कानाखाली दणका बसला, डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात, देवाशप्पथ, त्याला एकदम आठवलं. गुरुवारी चवथ, म्हणजे आज अष्टमी. आठाची पाऊणपट, सहा वाजता भरती.

तो थांबला. दोन्ही हात खाली केले आणि रबराआडून आनंदाने काहीतरी बोलला.

“काय?” माणिक म्हणाला.

तुळशीदास पुन्हा बोलला. तोंडातून नुसती लाळ आली.

“काय बरळतोय कुणास ठाऊक,” माणिक म्हणाला, आणि त्याने उजवा हात मागे घेतला.