एका दिवसाचा पाहुणा

ब्रश अजून ओला होता. ग्लासात इंद्रजीतच्या ब्रशला टेकून उभा, निळा, केस विस्कटलेला. दारावर थाप पडली तेव्हा रामला आधी तोच दिसला. एका माणसाच्या खोलीत दोन ब्रश! एरवी तो आठवणीनं पिशवीत टाकायचा, दोरीवर कपडे वाळत घालायचा नाही, हसू आलं तर तोंड उशीत दाबायचा... वसतिगृहात अशा चोरून राहणाऱ्याला पॅरासाइट म्हणतात. रामला खोली मिळाली नव्हती, म्हणून गावच्या इंद्रजीतनं त्याला वर्षभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. आता सापडला तर इंद्रजीतचीही खोली जाणार होती.

नवे रेक्टर आत आले. "हा कोण?"

"गावाकडचा हाय सर. खुलताबादच्या पुढून. बारावीला हाय. सकाळीच आलाय, संध्याकाळी जाईल," इंद्रजीत म्हणाला.

संध्याकाळी जाईल — किती सहज म्हणाला हा... याच इंद्रजीतच्या शेतात माझे वडील, आबा, दर उन्हाळ्यात रात्री मेंढरं बसवायचे. लेंडीखत शेताला, धान्य आपल्याला. आणि पहाटे मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळली की मागं वळून बघायचे, आपलं काही राहिलं तर नाही ना. दुसऱ्याच्या जमिनीवर असं झोपायचं, मागमूस न ठेवता. मला हे कुणी शिकवलं नाही, मला ते येतंच.

रेक्टरांचा चेहरा मात्र खुलला. "आमचं कॉलेज पाहिलंस का? नाही? चल, मीच दाखवतो."

झालं! राम त्यांच्यामागे निघाला. दगडी कमानी, उंच छत... "निजामाच्या काळातली इमारत बरं का. तास उर्दूतून व्हायचे, मुलं टांग्यानं यायची," रेक्टर सांगत होते. राम मान हलवत होता आणि डोळे व्हरांड्याच्या टोकाला लागलेले — आता वर्गातला आकाश समोरून येईल आणि ओरडेल, राम्या, तास आहे रे! ग्रंथालयाच्या वळणावर तर पाय सवयीनं आधीच वळले.

"अरे, तुला कसं कळलं?"

"नाय सर... असंच."

भिंतीवर जुन्या तुकड्यांचे फोटो होते. शेरवानीतली मुलं, ताठ माना. रेक्टर म्हणाले, "यातल्या कितीतरी जणांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत." राम बघत राहिला. वर्षभर तो या फोटोंखालून भिंतीला लागून, खाली मान घालून गेला होता. व्हरांड्याच्या मधोमध असं निवांत उभं राहणं आज पहिल्यांदाच — पाहुण्याला तेवढी मोकळीक असते. त्याला इंद्रजीतचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि तरी इथून हलू नये असंही वाटत होतं.

"बारावी झाली की इथंच ये," रेक्टर म्हणाले.

व्हय सर, येतो — एवढं म्हटलं की सुटका होती. फाटक समोरच दिसत होतं.

"मला जमंल का सर, इथं?"

हे काही नाटक नव्हतं. रेक्टरांनी चष्मा काढला, त्याच्याकडे नीट बघितलं, काहीतरी विचार करू लागले. आणि याच कॉलेजात पहिल्या वर्षाला वर्गात पहिला आलेला राम त्यांच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला.