आत्याची खरी तारीख

विमानतळ म्हणजे सामानाचा एक पट्टा, खुर्च्यांच्या दोन रांगा आणि बंद पडलेलं चहाचं यंत्र. आम्ही अडीचला उतरलो. सीमा साठ किलोमीटरवर, नाक्याचं फाटक पाचला बंद होणार, आणि पलीकडच्या गावात दवाखान्यात माझे बाबा. डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा. मी तर जाणारच होते, पण खरं पोचवायचं होतं ते आत्याला.

आत्या बाबांची थोरली बहीण. दोघांत अकरा वर्षं अबोला. आजी गेली तेव्हा बाबा दोन दिवस नाक्यावर अडकले, आणि आत्या फोनवर म्हणाली, "आता उगवायची गरज नाही." बाबाही तिचेच भाऊ, उगवले नाहीत. परवा मात्र त्यांनी विचारलं, "ताई येईल का?" मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मग निवडलेली आणि टाकायची एकाच पातेल्यात गेली. फोन लावून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "फोनवर तोडलं ते फोनवर जोडायचं नाही. समोर बसून बोलेन."

टॅक्सीवाला बोलका निघाला. "माझी गाडी नाक्यापर्यंतच, मावशी. पुढं तीनशे पावलं चालायचं, पलीकडं दुसरी गाडी मिळते."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?" आत्या म्हणाली. मग वाटभर ती वाक्यं जुळवत राहिली. "'काय रे, किती वाळलास' असं सुरू करू? की आधी चुकलं म्हणू?"

"आधी बस तरी त्यांच्याजवळ," मी म्हटलं. माझा अर्धा जीव घड्याळात होता.

नाक्यावरच्या खोलीत एक खिडकी, एक बाकडं आणि भिंतीला टेकवलेला मोडका पंखा. सीमा ओलांडायचा माझा परवाना शिक्का मारून परत आला. आत्याचा परवाना आणि पासपोर्ट अधिकाऱ्याने शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्हींवर बोट टेकवलं.

"यात जून, यात फेब्रुवारी. वर्षातही दोनचा फरक."

मी विमा कार्यालयात अठरा वर्षं लोकांचे अर्ज तपासते, एका आकड्यासाठी म्हाताऱ्या माणसांना परत पाठवते. परवान्याचा अर्ज मीच भरला होता, आणि आत्याची जन्मतारीख नऊ फेब्रुवारी लिहिली होती. आमच्या घरात ती नऊ फेब्रुवारीच. अबोल्यातसुद्धा दरवर्षी त्या दिवशी बाबा मला फोन करायचे, "ताईला काही गोड नेऊन दिलंस का?" जूनची तारीख शाळेच्या हेडमास्तरांनी नाव घालताना ठोकून दिलेली. सगळ्या कागदांवर तीच चालत आलेली, हे मला माहीत होतं. पण सख्ख्या आत्याचा वाढदिवस कुणी पासपोर्ट उघडून बघतं का?

"खरी कोणती?" अधिकाऱ्याने विचारलं.

"परवान्यातली," मी म्हटलं.

"मग पासपोर्ट खोटा म्हणायचा?"

मी तोंड मिटायला हवं होतं. पण मी शाळा, हेडमास्तर, बाबा, सगळं सांगत सुटले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुरुस्ती विमानतळाजवळच्या कार्यालयात होते. उद्या दहाला उघडेल." पाचला वीस मिनिटं होती.

आत्या बाकड्यावर बसली. "तू हो पुढं."

"तुला इथं टाकून?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? बापाकडं जा." ती खिडकीकडे बघत राहिली. "त्यालाही तेव्हा असंच इथं अडवून ठेवलं असेल. मी विचारलंसुद्धा नाही गं."

"आता तरी फोन लावते."

"नको. आज मला बोलता यायचं नाही. उद्या येते म्हणावं."

टॅक्सीवाल्याने तिची बॅग उचलली. "मावशींना मी नेतो, दुरुस्ती करून परत आणतो. तुम्ही निघा." मी निघाले. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

दवाखान्यात भाऊ उशाशी होता. खरं सांगायचं हे मी वाटेतच ठरवलं होतं. बाबांनी डोळे उघडले, माझ्यामागं बघितलं आणि विचारलं, "ताई?"

"खाली आहे. जिना चढतेय."

त्यांचा चेहरा निवळला. "तिचे गुडघे," ते म्हणाले. "घाई करू नको म्हणावं. मी थांबतो." आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले. एकदा असं सांगून बसल्यावर फोन तरी कुठल्या तोंडाने लावणार? भावाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

ते सकाळी साडेसातपर्यंत थांबले.

आत्याला मी कळवलं नाही. धीर झाला नाही हे एक, आणि निदान त्या टॅक्सीत तरी तिला तिची वाक्यं जुळवू द्यावीत असं वाटलं. बाराच्या सुमाराला मी नाक्याच्या बाबांच्या गावाकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती पलीकडून चालत आली, मध्ये दोनदा थांबत, नवा परवाना हातात धरून. मला तिथं बघून तिची पावलं मंदावली. जवळ येईपर्यंत तिला सगळं कळलं होतं. तिने परवान्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"काय म्हणाला?"

"घाई करू नको म्हणाले."